कापडाचा काय दोष

लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, ती आठवा महिना सरता सरता. ती आल्याचं कळल्यावर दुसऱ्याच दिवशी आशाताई घरी आल्या. ओसरीवर बसून त्यांनी कार्ड बघितलं, गोळ्या वेळेवर घेतेस का, पायावर सूज येते का, असं सगळं विचारलं. उठता उठता मला म्हणाल्या, "काकू, पिशवी भरून ठेवा आता. कळा काय सांगून येत नाहीत."

आत्या कोपऱ्यात मटकी निवडत बसल्या होत्या. आमच्याकडं सासूला आत्याच म्हणतात. वय ऐंशीच्या पुढं, ऐकू कमी येतं, पण नको तेवढं बरोबर येतं. सुपातला हात थांबवून म्हणाल्या, "कसली पिशवी?"

"दवाखान्याची, आजी. कपडे, कागद, बाळाचं सामान."

"बाळाचं?" आत्यांनी सूप बाजूला ठेवलं. "जल्माआधी अंगडं शिवू न्हाई, पाळणा बांधू न्हाई. आमी काय असलं केलं न्हाई बाई."

लेक हसली. "आजी, शिवतंय कोण? सगळं मागवलंय मी. उद्या-परवा पार्सल येईल."

आत्या काही बोलल्या नाहीत. परत मटकीतले खडे वेचायला लागल्या. मला मात्र त्यांच्या गप्प बसण्याचा अर्थ कळला. असं गप्प बसलेलं मी त्यांना आधी एकदाच पाहिलं होतं.

त्या रात्री माझ्यापुढं दोन याद्या होत्या. एक लेकीच्या फोनमधली. पुढून उघडणारे दोन गाऊन, पॅड, आतले कपडे, चपला, दात घासायचा ब्रश, फोनचं चार्जर, मग बाळाची झबली, टोपडी, मोजे, दुपटी, डायपर. तीस-पस्तीस वस्तू होत्या. दुसरी यादी आशाताईंनी तोंडी सांगितलेली, मी वहीच्या पाठीमागं उतरून घेतलेली. माता-बाल संरक्षण कार्ड, आधार कार्ड, बँकेचं पासबुक, सोनोग्राफीचे कागद. रक्तगट काय, तो एका चिठ्ठीवर. १०८ ला गाडी मिळाली नाही तर गावातली कुणाची गाडी? रात्री-अपरात्री सोबत कोण जाणार? रक्त लागलं तर कोण देणार? पहिली यादी वस्तूंची होती, दुसरी बरीचशी माणसांची. आत्यांची तिसरी यादी कोरी होती. त्यात काहीच घ्यायचं नव्हतं.

मी शाळेत शिकवते. मुलांना अंधश्रद्धेवर निबंध लिहायला लावते. आत्यांचं म्हणणं त्याच खात्यात टाकून मोकळं होणं मला सोपं होतं, आणि तरुणपणी मी तेच केलं होतं. आता इतक्या वर्षांनी ते तितकं सोपं राहिलेलं नाही. ते का, तेच इथं लिहायचं आहे.

माझं माहेर माण तालुक्यातलं. माझ्या आजीच्या काळात बाळंतपणं घरातच व्हायची, मागच्या अंधाऱ्या खोलीत, सुईणीच्या हातानं. "आमी काय तयारी करत न्हवतो," असं आजीही म्हणायची. पण ते खरं नव्हतं. घरातल्या बाईला दिवस गेले की आजी जुनी लुगडी आणि धोतरं बाजूला काढायची. विरत चाललेली, पाण्यात धुऊन धुऊन लोण्यासारखी मऊ झालेली. ती चुलीवर उकळायची, कडक उन्हात वाळवायची, त्यांचे चौकोन फाडायची आणि एका फडक्यात बांधून उतरंडीच्या मागं ठेवून द्यायची. शेगडीसाठी गोवऱ्या निराळ्या रचून ठेवायची. ओवा आणि बाळंतशोपा यांच्या पुरचुंड्या करून ठेवायची. हे सगळं काय चाललंय असं विचारलं तर म्हणायची, "काय न्हाई, जुनं आवरतीय."

म्हणजे तयारी होती. तिला तयारी म्हणायचं नव्हतं, एवढंच. आणि त्यात नवं काही नसायचं. हे मी मोठी झाल्यावर ध्यानात घेतलं. जुनं कापड बाळासाठी वापरलं नाही, तरी ते घरात कुठंही जिरतं. त्याचं पोतेरं होतं, वाकळेत अस्तर लागतं, भाकरी बांधायला होतं. नव्या झबल्याला असं कुठं जाताच येत नाही. ते एकाच माणसाच्या मापाचं असतं, आणि तो माणूस आला नाही तर ते घरात नुसतं पडून राहतं आणि बघत राहतं.

आपल्या चालीरीती नीट बघितल्या तर त्यातही हेच दिसतं. बाळ होण्याआधी जे काही करतात ते आईचं. ओटी तिची भरतात, डोहाळजेवण तिचं, हिरवी साडी नि हिरवा चुडा तिला. बाळंतविडा येतो तो बाळ झाल्यावर. कुंची, टोपडं, पाळणा, नाव, सगळं नंतर. पाचवीला सटवाईच्या पुढं कागद ठेवायचा तोही कोरा. जे अजून आलं नाही त्यावर कुणी हक्क सांगायचा नाही, पण जी समोर बसलीय तिचं मात्र सगळं करायचं.

ही झाली एक बाजू. दुसरी बाजू १९७८ सालची आहे.

तेव्हा मी अकरा वर्षांची. आक्का पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडं आली होती. मूल घरातच झालं, रडलंही. पण वार पडेना. सुईणीनं सगळे उपाय केले, मग ती हात पुसत बाहेर आली आणि वडलांना म्हणाली, "हितं ठेवू नगासा." दवाखाना पाच कोसांवर. बैल रानातल्या वस्तीवर बांधलेले. कंदिलात रॉकेल नाही, म्हणून मला शेजारी पिटाळलं. शेजारच्यांनी अर्धी बाटली दिली, ती घेऊन मी अंधारात अनवाणी पळत आले तेव्हा आई ट्रंक उपसत होती, आक्काखाली अंथरायला काही मिळतंय का ते बघत. गोठ्यात गाडीचं जू मोडकं. पैसे घरात नाहीत, म्हणून चुलता दुकानदाराला उठवायला गेला. आक्का आत पडून होती आणि तिच्याखालचं पटकूर बदलून बदलून संपलं होतं. गाडी निघायला तास तरी गेला असेल, मला तर तो रात्रभराएवढा आठवतो.

आक्का वाचली. मूलही वाचलं, आता त्याची पोरं कॉलेजात जातात. पण आक्काच्या अंगात त्यानंतर कधी रक्त म्हणावं तसं भरलं नाही. "देवाची कृपा," सगळे म्हणाले. मीही म्हणते. फक्त एवढं म्हणते की त्या रात्री देवानं जेवढं केलं तेवढं त्याला एकट्याला करावं लागायला नको होतं. आमची घरातल्या बाळंतपणाची तयारी होती. घराबाहेर पडायची नव्हती. बैल, रॉकेल, पैसे, अंथरूण, यातलं काहीच अपशकुनाचं नव्हतं. तरी कुणी आधी बोललं नाही, कारण ते बोलायचं म्हणजे काही वाईट होईल असं धरून चालायचं.

आशाताईंची ती माणसांची यादी मला म्हणून फार मोलाची वाटते. आता काळ बदलला. १९९२-९३ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातली शंभरातली साधारण २६ बाळंतपणं दवाखान्यात होत होती, २०१९-२१ च्या पाहणीत ती ८८ च्या वर गेली. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, जेवण, न्यायची-आणायची गाडी हे सगळं २०११ पासून मोफत आहे. विळ्यानं नाळ कापून पोरं धनुर्वातानं जायची ते दिवस गेले. पण दवाखाना असला तरी घरापासून दवाखान्यापर्यंतचा रस्ता अजून बाईलाच कापायचा असतो, आणि त्या रस्त्यावरचा तास अजून तासच असतो.

म्हणजे पिशवी भरायची. यात मला शंका नव्हती. मग आत्यांच्या गप्प बसण्यानं माझ्या पोटात का खड्डा पडला?

त्याचं कारण १९९१.

माझं लग्न ८९ साली झालं. आई त्याआधी तीन वर्षं गेली होती, म्हणून पहिलं बाळंतपण सासरीच करायचं ठरलं. मी नवी मास्तरीण, शिकलेली, हातात पगार. सातवा महिना झाल्यावर मी मऊ मलमल आणली आणि सहा झबली शिवली. एक कुंची केली, तिच्यावर रेशमानं पोपट काढले. निळ्या रेक्झिनची एक पिशवी घेतली, त्यात सगळं घडी करून ठेवलं आणि ती खोलीत खुंटीला अडकवली. रोज शाळेतून आल्यावर ती काढायची, घड्या मोडायच्या, परत घालायच्या. आत्या दारातून बघायच्या. एकदाच म्हणाल्या, "लई झालं गं. थोडं नंतरला ऱ्हाऊ दे." मी त्यांना नजर, अपशकुन, विज्ञान असं काहीबाही ऐकवलं. त्या गप्प बसल्या.

नववा लागला आणि एका दिवशी पोटातली हालचाल थांबली. तालुक्याला गेलो, तिथून जिल्ह्याला पाठवलं. पुढचं सविस्तर लिहीत नाही. मुलगा होता. मी त्याला एकदा बघितलं.

तीन दिवस त्याच वॉर्डात होते. तिसऱ्या दिवशी दूध आलं. शरीराला कुणी निरोप दिलेला नसतो. आत्यांनी आपल्या जुन्या लुगड्याची पट्टी काढून माझ्या छातीला घट्ट बांधली. बांधताना एक शब्द बोलल्या नाहीत. शेजारच्या खाटांवर बाळं होती. एक तर रात्रभर रडायचं. मी भिंतीकडं तोंड करून पडायची.

चौथ्या दिवशी घरी आले. खोलीत गेले आणि पहिल्यांदा खुंटीकडं बघितलं. खुंटी मोकळी होती. दवाखान्यात जाताना ती पिशवी बरोबर नेली होती हे आठवत होतं, परत आणल्याचं आठवत नव्हतं. मी विचारलं नाही. आत्यांनी सांगितलं नाही. ९४ साली लेक झाली तेव्हा मी काहीच शिवलं नव्हतं. ती झाल्यावर आत्यांनी शेजारच्या घरातून धुतलेली जुनी झबली मागून आणली आणि तिला घातली. ती सहा झबली आमच्या दोघींमध्ये तशीच राहिली, न बोललेली. बत्तीस वर्षं.

लेकीचं पार्सल आलं त्या रात्री ती निजल्यावर मी आत्यांच्या बाजेपाशी जाऊन बसले. म्हटलं, "आत्या, ती निळी पिशवी कुठं गेली हो?"

मला वाटलं त्यांना आठवणार नाही. पण त्या लगेच म्हणाल्या, जणू काल विचारलं असावं तसं.

"पिशवी हाय की माळ्यावर. हुलग्याचं बी घालती मी तिच्यात."

"आणि आतलं?"

थोडा वेळ त्या बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "त्या तुज्या पल्याडच्या खाटंवर एक बाई हुती बघ. लांबनं आलेली, संगट कुनी न्हाई. पोराला गुंडाळाय फाटका टावेल. थंडीचं दिस. रात्रभर वरडायचं ते पोर. दुसऱ्या राती तू निजलीस, मग मी तिला समदं दिऊन टाकलं." आणि मग, माझ्याकडं न बघता, "म्हनलं, कापडाचा काय दोष?"

मी उठून अंगणात आले. काय वाटलं ते एका शब्दात सांगता येणार नाही. माझ्या लेकरासाठी शिवलेली कुंची, ते पोपट, दोन खाटा सोडून दुसऱ्याच्या लेकरावर होते आणि मी भिंतीकडं तोंड करून त्याचं रडणं ऐकत होते. मला न विचारता. आधी राग आला. इतक्या वर्षांनी राग येतो हेही मला नवंच होतं. मग आठवलं, तिसऱ्या रात्री ते मूल रडलं नव्हतं. तेव्हा वाटलं होतं, दमलं असेल.

आत्यांनी मला विचारायला हवं होतं का? मी हा प्रश्न बऱ्याच अंगांनी फिरवून बघितला आहे. कपडे माझे होते, दुःख माझं होतं. विचारायला हवं होतं, हे खरं. पण विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं, हेही तितकंच खरं. आणि ते मूल त्या टॉवेलात राहिलं असतं. मी ती झबली घरी आणून उराशी धरून बसले असते, आणि माझ्या दुःखाला त्यानं काही आराम पडला असता असं मला आज वाटत नाही. आत्यांनी जे केलं ते बरोबर होतं की नव्हतं, हे मी ठरवू शकत नाही. एवढं मात्र कळतं, की ते करताना त्यांना सोपं गेलं नसणार. तो त्यांचा पहिला नातू होता. सहा झबल्यांच्या घड्या त्यांनी एकटीनं उचलल्या होत्या.

आणि मग त्यांचं "जल्माआधी अंगडं शिवू न्हाई" मला निराळंच ऐकू यायला लागलं. पिशवी भरणारं कुणीतरी असतं, ते सगळ्यांना दिसतं. वेळ वाईट आली तर ती रिकामी करणारंही कुणीतरी लागतं, ते कुणाच्याच यादीत नसतं. ते काम बहुतेक घरातल्या म्हाताऱ्या बाईकडं जातं. ज्या बाईनं ते एकदा केलंय, तिला भरलेल्या पिशवीची भीती वाटली तर तिला अडाणी म्हणायचा मला अधिकार नाही. देवाच्या नजरेची तिला काळजी नसते. उद्या खुंटीकडं बघणाऱ्या पोरीच्या नजरेची असते.

पण भीती खरी आहे म्हणून तिचं ऐकायचंच, असंही नाही. न शिवल्यानं कुणाचं लेकरू वाचत नाही, आणि शिवल्यानं कुणाचं जात नाही. माझ्या सहा झबल्यांनी काही केलं नव्हतं, हे मानायला मला शिकलेली असूनही पुष्कळ वर्षं लागली. मनातल्या मनात मी त्या झबल्यांनाच दोष देत होते. आत्या मात्र अंगठाबहाद्दर, त्यांनी दुसऱ्याच रात्री कापडाला निर्दोष सोडलं होतं. आपल्या दोघींत अंधश्रद्ध कोण होतं, हा प्रश्न मी मुलांना निबंधाला देऊ शकत नाही.

तयारीचा अर्थ मला आता असा लागतो. तयारी म्हणजे पुढं काय होणार याची खात्री धरणं नव्हे. काहीही झालं तरी त्या बाईला एकटीनं धडपडावं लागू नये, याची व्यवस्था करणं. आशा धरणाऱ्यानं एवढं तरी मनाशी ठरवलेलं असावं, की ही पिशवी मी भरतोय तर रिकामी करायची वेळ आल्यास तीही मीच करीन, दुसऱ्या कुणावर टाकणार नाही. हे ठरवलेलं असलं की मग झबली सहा असोत की दोन, काही बिघडत नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी पिशवी भरायला बसलो. आधी कागद, प्लॅस्टिकच्या पिशवीत, सगळ्यात वर. गाडीवाल्याचे दोन नंबर फोनमध्येही आणि चिठ्ठीवरही, कारण फोन नेमका तेव्हाच बंद पडतो. मग लेकीचं सगळं. गाऊन, पॅड, शाल, पाण्याची बाटली, राजगिऱ्याचे लाडू. बाळाचं सगळ्यात खाली आणि थोडंसं. पार्सलातलं बरंचसं लेकीनं स्वतःच कपाटात ठेवून दिलं. मी तिला काही सांगितलं नव्हतं. कदाचित तिला रात्री झोप लागलीच नसेल. ती एवढंच म्हणाली, "आई, पहिल्या दोन दिवसांना पुरेल इतकंच घेऊ. बाकी बाबा आणतील की."

आत्या उठून आत गेल्या. बऱ्याच वेळानं एक गाठोडं घेऊन आल्या. त्यांच्या जुन्या नऊवारीचे चौकोन, उकळलेले, उन्हात वाळवलेले. त्याचा तो उन्हाचा वास अजून जात नव्हता. म्हणजे हे काम कालचं नव्हतं. पार्सलाच्या आधीपासून चाललं होतं.

"आत्या, तुम्ही तर म्हणत होता आधी काही करू नये."

"म्या कुठं काय केलं? जुनं आवरलं."

लेकीनं गाठोडं उघडून मोजलं. "आजी, एवढे कशाला? चौदा आहेत."

"असू देत. वार्डात कुनी मोकळ्या हातानं आलेलं असतंच."

मी आत्यांकडं बघितलं, त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. लेक चौकोन परत बांधायला लागली आणि पुण्याच्या सवयीनं गाठीवर गाठ मारायला लागली, तेव्हा आत्यांनी तिचा हात धरला.

"लई आवळू नगंस, पोरी. घाईत सुटली पायजे."

नात आता दीड वर्षाची आहे. त्या चौदा चौकोनांतले घरी किती परत आले, ते आम्ही कुणी मोजलं नाही.